इंग्रजीचे एम. ए. आणि मराठीचे वाङ्मय

मराठीच्या वाट्याला आलेल्या चार ज्ञानपीठ पुरस्कारांपैकी पहिले दोन वि. स. खांडेकर (१९७४) आणि वि. वा. शिरवाडकर (१९८७) यांना मिळाले; पुढचे दोन विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४) यांना. हे शेवटचे दोघेही व्यवसायाने इंग्रजीचे प्राध्यापक होते. साहित्य अकादमीने १९८८ साली प्रसिद्ध केलेला मराठी वाङ्मयाचा इंग्रजी इतिहास कुसुमावती देशपांडे आणि मं. वि. राजाध्यक्ष यांनी लिहिला. तेही दोघे इंग्रजीचेच अध्यापक. मराठी सौंदर्यशास्त्राचा विचार ज्यांच्याभोवती फिरतो त्या बा. सी. मर्ढेकरांनी आकाशवाणीत जाण्यापूर्वी इंग्रजी शिकवले होते आणि त्यांच्या सिद्धान्ताची कठोर तपासणी ज्यांच्या हातून झाली ते रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीच्याच विभागात होते.

ही यादी आणखी वाढविता येईल. पण यादीचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे. एका परक्या वाङ्मयाची पदव्युत्तर पदवी मराठी वाङ्मयाच्या इतक्या मोक्याच्या जागी वारंवार का भेटावी? ‘इंग्रजांचे राज्य होते म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. राज्य १९४७ साली गेले आणि वरच्या यादीतली बरीचशी महत्त्वाची पुस्तके त्यानंतरची आहेत. ‘इंग्रजीमुळे पाश्चात्त्य विचार आले’ हेही उत्तर अपुरेच, कारण तो विचार अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास या विषयांतूनही येत होता. प्रस्तुत लेखात या पदवीचा महाराष्ट्रातील इतिहास थोडक्यात तपासून पाहावयाचा आहे. ज्यांची नावे यादीत येत नाहीत अशा हजारो एम. ए. झालेल्यांचे काय झाले, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे.

प्रथम एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजी साहित्य हा विद्यापीठीय विषय इंग्लंडातून तयार होऊन आपल्याकडे आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. इंग्लंडात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने १८२८ साली या विषयाचे अध्यापन सुरू केले हे खरे. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम १८९४ साली आला आणि केंब्रिजमध्ये तर १९१७ साली. तोवर तेथील उच्चशिक्षणाचा पाया ग्रीक आणि लॅटिन हाच होता. आपली मातृभाषा घरी येतेच, तिच्यातल्या कविता-कादंबऱ्यांवर परीक्षा कसली घ्यावयाची, असा तेथील विद्वानांचा आक्षेप होता. हिंदुस्थानात मात्र मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर, आणि इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देणाऱ्या १८४४ च्या ठरावानंतर, शेक्सपिअर आणि मिल्टन हे परीक्षेचे विषय होऊन बसले होते. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात हा इतिहास साधार मांडला आहे. शाळांतून उघड धर्मप्रसार करणे कंपनी सरकारला परवडणारे नव्हते. तेव्हा नीती शिकविण्याचे काम बायबलाऐवजी साहित्याकडे सोपविण्यात आले, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा.

म्हणजे हा विषय जन्मला तोच परक्यांना शिकविण्यासाठी. त्याच्या वाचकाने इंग्रजी साहित्यात भर घालावी किंवा त्या साहित्याचा न्यायनिवाडा करावा, अशी अपेक्षा त्यात मुळातच नव्हती. विद्यार्थ्याने ग्रहण करावे, आणि ग्रहण केल्याचा पुरावा उत्तरपत्रिकेत द्यावा.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. कवी वर्ड्सवर्थचे नातू पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘द लाइट ऑफ एशिया’ (१८७९) लिहिणारे एडविन आर्नल्ड त्यापूर्वी पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. अशा गुरुजनांपुढे बसलेल्या पिढीने इंग्रजी काव्याला केवळ पाठ्यपुस्तक मानले नाही, ते जवळजवळ एक संस्कार म्हणून स्वीकारले. त्याच काळात विद्यापीठाने महाविद्यालयीन परीक्षांतून देशी भाषांना बाहेरचा रस्ता दाखविला आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना जागा दिली. मराठी मुलगा मॅट्रिकनंतर मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी राहू शकत नव्हता. त्याला वाङ्मय या गोष्टीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावयाचा असेल तर दोनच दारे उघडी होती, एक संस्कृतचे आणि दुसरे इंग्रजीचे.

वरच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे सापडते. मराठी वाङ्मयाला विद्यापीठात घर नव्हते, म्हणून मराठी वाङ्मयाचा विचार करणारी माणसे इंग्रजीच्या घरात राहावयास गेली. रानडे स्वतः १८६८ ते १८७१ या काळात एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवीत होते. न्यायाधीश झाल्यावरही त्यांनी मराठीचा प्रश्न सोडला नाही. १८९८ साली त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिले. मराठीत दखल घेण्याजोगे वाङ्मय आहे, हे विद्यापीठाच्या धुरीणांना पटवून देणे हा त्यामागचा उद्देश होता. त्यांच्या खटपटीला फळ येऊन विसाव्या शतकाच्या आरंभी एम. ए. च्या परीक्षेत मराठीला मर्यादित का होईना, प्रवेश मिळाला. मराठीला विद्यापीठाचे दार उघडून देणारा माणूस इंग्रजीचा माजी अध्यापक होता आणि त्याने तो युक्तिवाद इंग्रजीतच केला, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांच्या कथेचे बीज म्हणता येईल.

त्यानंतरच्या पिढीत दुहेरी विषयांची पद्धत होती. माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, हे १९१८ साली इंग्रजी आणि फार्सी घेऊन एम. ए. झाले. नोकरी फार्सीच्या अध्यापकाची मिळाली. पण दोन्ही विषय त्यांच्या लेखनात कसे एकत्र आले हे पाहण्यासारखे आहे. उमर खय्यामची त्यांनी दोनदा भाषांतरे केली: एकदा मूळ फार्सीवरून, ‘उमरखय्यामकृत रुबाया’ (१९२९), आणि नंतर फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून, ‘द्राक्षकन्या’ (१९३१). एकाच कवीकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी नेतात, हे त्यांनी करून दाखविले. पुढे ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ साली डी. लिट. दिली. इंग्रजी आणि फार्सी शिकलेल्या माणसाची सर्वांत मोठी पदवी मराठी छंदांच्या अभ्यासासाठी होती.

नागपूरकडे हेच कुसुमावती देशपांडे यांच्याबाबतीत घडले. लंडनला इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून त्या १९२९ साली पदवीधर झाल्या आणि नागपुरास इंग्रजी शिकवू लागल्या. पण ‘पासंग’ (१९५४) आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ ही त्यांची समीक्षा मराठीत आहे आणि मराठी पुस्तकांबद्दल आहे. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. मर्ढेकर आय. सी. एस. साठी १९२९ साली लंडनला गेले. ती परीक्षा साधली नाही. साधले ते ‘आर्ट्स अँड मॅन’ (१९३७) हे पुस्तक आणि त्यातून वाढलेला ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) हा ग्रंथ. विंदांनी तर ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ मराठीत आणून आपल्या वर्गातला विषयच भाषांतराच्या मार्गाने घरी नेला.

या सर्वांत एक समान सूत्र दिसते. इंग्रजी साहित्याचा अभ्यास यांना वाचनाची एक रीत देत होता: संहितेशी थांबणे, तुलना करणे, काळाचे तुकडे पाडून वाङ्मयाचा इतिहास मांडणे, आवडीला कारणे देणे. परंतु ती रीत जेव्हा मराठी पुस्तकावर चालविली गेली तेव्हाच तिच्यातून नवे असे काही निघाले. मिल्टनवर यांपैकी कोणी काय लिहिले ते आज कोणी शोधीत नाही. याचे कारण त्यांच्या बुद्धीत नसून विषयाच्या रचनेत आहे. ज्या भाषेत आपण रागावतो, लाजतो आणि भांडतो, तिच्यातल्या पुस्तकाबद्दल आपले काही पणाला लागलेले असते. समीक्षा तेथून सुरू होते.

स्वातंत्र्यानंतर या पदवीचे सामाजिक रूप पालटले. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. त्यात १९४९ साली पुणे, १९५८ साली मराठवाडा आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठाची भर पडली. जिल्ह्याच्या, मग तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघाली. प्रत्येक महाविद्यालयात, शाखा कोणतीही असो, इंग्रजी आवश्यक. म्हणजे इंग्रजीचा प्राध्यापक आवश्यक. शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलाच्या दृष्टीने इंग्रजीचे एम. ए. म्हणजे खात्रीची नोकरी झाली. भाग एक आणि भाग दोन, प्रत्येकी चार प्रश्नपत्रिका. चॉसरपासून एलियटपर्यंतचा प्रवास दोन वर्षांत उरकावयाचा. नियमित वर्गाला बसणे शक्य नसलेल्यांसाठी बहिःस्थ परीक्षेची सोय होती. शाळेत मास्तरकी करीत, रात्री वाचून अनेकांनी ही पदवी मिळविली.

या जगाचे सर्वांत निर्मम चित्र मराठी कादंबरीतच आहे. नेमाडे यांनी १९६४ साली मुंबई विद्यापीठातून इंग्रजीचे एम. ए. केले आणि नंतर नगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी शिकविले. १९७५ ते १९७९ या काळात आलेल्या त्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक आहे. गावोगावच्या संस्थाचालकांच्या कॉलेजांतून बिढार हलवीत फिरणारा हा माणूस जे साहित्य शिकवितो त्याचा त्याच्या भोवतीच्या जगण्याशी संबंध काय, हा प्रश्न त्या चारही पुस्तकांच्या तळाशी आहे. आणि देशीवादाची मांडणी करणारा लेखक इंग्रजीच्या विभागात आयुष्य काढलेला असावा, यात विसंगती काढणाऱ्यांची कमतरता नाही. मला त्यात विसंगतीपेक्षा तर्क अधिक दिसतो. जमीन आपली नाही हे रोज तासाला उभे राहून ज्याला जाणवते, तोच आपली जमीन कोणती हे विचारणार. गणेश देवी यांचेही असेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजी शिकून बडोद्यास इंग्रजीचे प्राध्यापक झालेल्या देवींनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (१९९२) मध्ये भारतीय समीक्षेच्या स्मृतिभ्रंशाचा प्रश्न मांडला आणि पुढे विद्यापीठ सोडून आदिवासी भाषांच्या कामाला वाहून घेतले.

या कथेतला सर्वांत अनपेक्षित अध्याय मात्र औरंगाबादचा आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील म. ना. वानखेडे इंग्रजीच्या उच्चशिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि डॉक्टरेट घेऊन १९६० च्या दशकात परतले. येताना त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांची ओळख आणली. तोवर आपल्या विद्यापीठांतले इंग्रजी म्हणजे इंग्लंडचे साहित्य. अमेरिकन साहित्य अभ्यासक्रमात नुकते शिरत होते. १९६४ साली हैदराबादला अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघाले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अध्यापकालाही मोठ्या ग्रंथालयात बसून वाचण्याची सोय झाली. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने हा खर्च आपल्या प्रतिष्ठेसाठी केला, हे उघड आहे. पण पुस्तक एकदा कपाटात आले की त्याचे काय करावयाचे ते वाचक ठरवितो. वानखेडे, आणि त्यांच्या मागोमाग याच साहित्यावर मराठीत लिहिणारे इंग्रजीचे प्राध्यापक जनार्दन वाघमारे यांनी, कृष्णवर्णीयांच्या लेखनाकडे परीक्षेचा विषय म्हणून पाहिले नाही. आपल्यासारख्याच अपमानातून कोणी साहित्य उभे केले आहे, याची ती साक्ष होती. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच नगरीत वाढले; १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतून घेतले. दलित साहित्याची मुळे येथल्या जगण्यात आणि आंबेडकरी चळवळीत आहेत, यात शंका नाही. पण त्याला एक दूरचा सोबती मिळवून देण्याचे काम इंग्रजीच्या अभ्यासकांनी केले. सुसंस्कृत आज्ञाधारक प्रजा घडविण्यासाठी रचलेल्या विषयाचा याहून उलटा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

इथवर यशाची गोष्ट झाली. आता ज्यांची नावे कोठेच येत नाहीत त्यांच्याकडे वळू.

या पदवीच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी मूळ पुस्तके वाचली नाहीत, हे सर्वांना माहीत असलेले सत्य आहे. दिल्ली-आग्र्याहून छापून येणारी गाइडे, आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वळणदार अक्षरातल्या नोट्स आणि संभाव्य प्रश्नांची यादी यांच्या बळावर ‘पॅराडाइज लॉस्ट’ आणि ‘द वेस्ट लँड’ पार पाडले गेले. याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर टाकणे सोपे आहे. परंतु ज्याने दहा-बारा वर्षे मराठी माध्यमात काढली, ज्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्ये कोणी कधी बोलले नव्हते, त्याला आपण मिल्टनच्या वाक्यरचनेपुढे उभे केले आणि त्याने त्यावर स्वतःचे मत इंग्रजीत लिहावे असे म्हटले. गाइड हा त्याने शोधलेला बचाव होता. शिवाय परीक्षाच ग्रहणाची असेल, तर गाइडमधून केलेले ग्रहण काय आणि ग्रंथातून केलेले काय, उत्तरपत्रिकेत फरक पडत नव्हता. एकोणिसाव्या शतकात घातलेला पाया तसाच होता.

पण या चित्रातही एक गोष्ट अशी आहे जिची कोणी नोंद ठेवली नाही. लहान गावांतल्या वर्गांत इंग्रजी कविता मराठीतून शिकविली गेली. तपासणीस येणार असेल तेव्हा इंग्रजी, एरवी ओळ वाचावयाची आणि मराठीत समजावून द्यावयाची. ही पद्धत कमीपणाची मानली गेली. प्राध्यापक ती चारचौघांत कबूल करीत नसत. माझ्या मते मात्र या पदवीचे खरे बौद्धिक काम तेथेच चालले होते. ‘ऑथेल्लो’तला मत्सर सांगताना कोणता मराठी शब्द पुरेल, कीट्सची ओळ सांगताना बालकवी आठवावे की नाही, ‘ट्रॅजेडी’ म्हणजे शोकान्तिका की आणखी काही, हे प्रश्न त्या वर्गांत तोंडी सोडविले जात होते. ती तौलनिक समीक्षाच होती. करंदीकर आणि पाटणकर यांनी ती लिहून काढली. बाकीच्यांची खडूच्या धुळीबरोबर पुसली गेली, कारण विद्यापीठाने तिला ज्ञान मानले नाही. प्रबंध मात्र इंग्रजीत, आणि तोही बहुधा एखाद्या इंग्रज कादंबरीकाराच्या स्त्री-व्यक्तिरेखांवर.

१९९० नंतर अभ्यासक्रम बराच बदलला. भारतीय इंग्रजी लेखन आले, राष्ट्रकुलातले साहित्य आले, साहित्यसिद्धान्त आले, भाषांतरविद्या आली. १९८९ पासून ‘नेट’ आणि १९९५ पासून महाराष्ट्रात ‘सेट’ सुरू झाल्याने पदवीवर आणखी एक चाळणी बसली. मराठी दलित कविता आणि आत्मकथने इंग्रजी भाषांतरातून इंग्रजीच्या एम. ए. ला लागली, अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ (१९९२) हा संग्रह त्यासाठी हाताशी होता. परिघ पूर्ण झाला असे वरवर दिसते. पण प्रत्यक्षात मराठी विद्यार्थी मराठी कविता इंग्रजीत वाचतो, तिच्यावरचा प्रश्न इंग्रजीत सोडवितो आणि मूळ कविता शेजारी ठेवून भाषांतर कोठे ढळले ते सांग, असे त्याला सहसा कोणी विचारीत नाही. ज्या एका प्रश्नाचे उत्तर तो लंडनच्या विद्यार्थ्याहून चांगले देऊ शकेल, तोच प्रश्न प्रश्नपत्रिकेत नसतो.

नोकरीची खात्रीही आता राहिलेली नाही. अनुदानित पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि एम. ए., सेट, नेट, कधी पीएच. डी. सुद्धा झालेली माणसे तासिका तत्त्वावर, तासांचा हिशेब मांडीत शिकवितात. चांगदेव पाटलाला बिढार हलवावे लागत होते, तरी त्याला महिन्याचा पगार होता. तेव्हा केवळ उपयुक्ततेच्या नावाने या पदवीचे समर्थन करणे आता अवघड आहे. ती कशासाठी घ्यावी, याचे उत्तर तिच्या इतिहासातच शोधावे लागेल.

तो इतिहास मला असे सांगतो: इंग्रजी साहित्याचा अभ्यास येथे फळाला आला तो दोन भाषांच्या मध्ये उभे राहून केला तेव्हाच. रानड्यांपासून वानखेड्यांपर्यंत कोणीही इंग्रजीत विरघळून गेले नाही. आणि इंग्रजीकडे पाठ फिरवूनही कोणी हे काम केले नाही. आज धोका दोन्हीकडून आहे. एकीकडे इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी, ज्याने मराठी पुस्तक दहावीनंतर उघडलेले नाही. दुसरीकडे मराठी माध्यमातला विद्यार्थी, ज्याला आपले मराठी वाचन हे इंग्रजीच्या वर्गाबाहेर चपलांसारखे काढून ठेवावयाचे असते असे शिकविले गेले आहे. पहिल्याजवळ पलीकडचा काठ नाही, दुसऱ्याला आपला काठ लपवावा लागतो. पूल दोघांच्याही हातून होत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. एक प्रश्नपत्रिका अशी असावी की जिच्यात मूळ मराठी आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, किंवा मूळ इंग्रजी आणि त्याचे मराठी भाषांतर, समोरासमोर ठेवून बोलावे लागेल. ‘राजा लिअर’ आणि ‘किंग लिअर’ एकत्र वाचणे एवढ्यानेही प्रारंभ होईल. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला मराठीत विचार करू द्यावा. तालुक्याच्या कॉलेजात निवृत्तीला आलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी तीस वर्षे ज्या मराठीतून शेक्सपिअर सांगितला, ती त्यांच्याकडून लिहवून घ्यावी, निदान ध्वनिमुद्रित करून ठेवावी. त्या वर्गांत काय झाले हे ठाऊक असलेली ती माणसे आता थोडी उरली आहेत.